जिम कॉर्बेट आणि त्याची हलकी रायफल

जिम कॉर्बेटचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे वाघ उभा राहतो, हे साहजिकच आहे. त्याच्या हातातील रायफलीचा विचार सहसा कोणी करीत नाही. परंतु ज्याला जंगलात एकट्याने, पायी, नरभक्षकाच्या मागावर जावयाचे आहे, त्याला रोज सकाळी तंबूतून निघण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते: आज कोणते हत्यार बरोबर घ्यायचे? जड घ्यावे तर गोळीचा आघात मोठा, पण चढणीवर जीव दमतो आणि हात जड होतो. हलके घ्यावे तर हात मोकळा राहतो, पण गोळी लहान. या निवडीत चूक झाली तर ती सुधारायला दुसरा दिवस मिळेलच असे नाही. कॉर्बेटच्या आयुष्याकडे या एका बाजूने पाहिले, तर तो माणूस अधिक चांगला समजतो, असे मला वाटते.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट याचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील ख्रिस्तोफर विल्यम कॉर्बेट तेथे पोस्टमास्तर होते. घरात मुले पुष्कळ आणि पैसा बेताचा. जिम सहा वर्षांचा होण्याच्या आतच वडील वारले आणि थोरला भाऊ टॉम याच्यावर संसाराचा बराच भार पडला. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा खाली कालाढुंगीच्या जंगलाकाठी, असा या कुटुंबाचा परिपाठ होता. साहेबांच्या मुलांत मिसळण्यापेक्षा हा मुलगा पहाडी लोकांत अधिक वाढला. त्यांची भाषा तो त्यांच्यासारखीच बोलत असे. त्यांची भुते-खेते आणि त्यांचे शकुन-अपशकुनही त्याने अर्धेमुर्धे उचलले होते आणि ते त्याने कधी लपविले नाही.

त्याच्या हातातील शस्त्रांचा क्रम मोठा बोलका आहे. आधी बेचकी, मग धनुष्य-बाण, आणि मग एक ठासणीची दुनळी बंदूक. ही बंदूक म्हणजे एक थट्टाच होती. उजवी नळी फुटलेली, दस्ता मोडलेला आणि सगळा कारभार पितळी तारेने गुंडाळून एकत्र ठेवलेला. दोनांपैकी एकच नळी उपयोगाची. बार उडाला की पुन्हा दारू ठासा, छर्रे भरा, टोपी बसवा. पण या गरिबीने एक गोष्ट शिकविली. ज्याला एकच बार मिळणार आहे, तो उगीच घोडा ओढत नाही. जवळ जाणे, वाट पाहणे, पाऊल कोठे टाकावे, पक्षी कशामुळे ओरडला, वानर कोणाला पाहून खेकसले, हे सारे त्याने त्या फुटक्या बंदुकीच्या काळात आत्मसात केले. पुढे स्वयंसेवक पलटणीच्या बालतुकडीत असताना त्याला मार्टिनी-हेन्री जातीची .४५० बोअरची सैनिकी रायफल वापरायला मिळाली. तीतही एका वेळी एकच काडतूस. तिचा धक्का असा की पोराचा खांदा सुजावा! तरी याच रायफलीने त्याने लहान वयात पहिला बिबळ्या मारला.

शिक्षण फार पुढे गेले नाही. अठरा-एकोणीस वर्षांचा असतानाच तो बंगाल अँड नॉर्थ-वेस्टर्न रेल्वेच्या नोकरीत लागला. इंजिनांसाठी लाकूडफाटा पुरविण्याचे काम होते. नंतर गंगेच्या काठी मोकामा घाट येथे रुंद मापाच्या गाडीतील माल उतरवून अरुंद मापाच्या गाडीत चढविण्याचा ठेका त्याने घेतला आणि तेथे वीसएक वर्षे काढली. हमालांबरोबर स्वतः खांद्यावर ओझी वाहिली. ही वर्षे शिकारकथांच्या वाचकाला नीरस वाटतात, म्हणून लोक ती गाळतात. पण लक्षात ठेवावे की पुढे ज्याला आपण महान शिकारी म्हणतो, तो या सर्व काळात रजा मिळेल तेव्हाच जंगलात जाणारा रेल्वेचा ठेकेदार होता.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीचे प्रकरण त्याच्याकडे आले. नेपाळात सुमारे दोनशे माणसे मारून ती कुमाऊंत आली होती आणि तेथेही तिने दोनशेवर बळी घेतले. एकूण आकडा ४३६ सांगितला जातो. कॉर्बेटने दोन अटी घातल्या. सरकारने लावलेले बक्षीस आधी रद्द करावे, आणि जंगलात फिरणारे इतर शिकारी परत बोलवावेत. पैशासाठी मारणाऱ्यांत आपली गणना होऊ नये हे एक कारण, आणि कोणाच्या तरी भलत्या गोळीने आपण मरू नये हे दुसरे. दोन्ही कारणे त्याने सारख्याच सरळपणे सांगितली आहेत.

त्या वेळी त्याच्याजवळ .५०० बोअरची दुनळी, कॉर्डाइट दारूची भारी रायफल होती. बरोबर काडतुसे मात्र तीनच! वाघावर दोनपेक्षा अधिक गोळ्या झाडण्याची संधी मिळत नाही, तिसरे आणीबाणीसाठी, असा त्याचा हिशोब. पण तिन्ही संपली आणि जखमी वाघीण समोर उभी राहिली. तेव्हा तो धावत वर जाऊन तहसीलदारांची बंदूक घेऊन आला. त्या बंदुकीची नळी आणि मागचा भाग यांत चांगली फट होती. बार उडाला, गोळी भलतीकडे म्हणजे पंजाला लागली. पण आधीच्या जखमांनीच वाघीण संपत आली होती. तिचा जबडा पाहिल्यावर उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले आढळले. ते जुन्या गोळीने मोडले होते. कोणा शिकाऱ्याने कधीतरी एक वाईट नेम धरला, जनावर जखमी करून सोडून दिले, आणि त्याची किंमत चारशे छत्तीस माणसांनी दिली.

हत्याराची निवड म्हणजे हौशी लोकांचा कॅटलॉग चाळण्याचा विषय आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी येथे क्षणभर थांबावे. शिकाऱ्याला पेलत नाही ती रायफल त्याच्यापुरतीच धोक्याची नसते. तिच्या चुकलेल्या गोळीचे भोग गवत कापायला गेलेली बाई भोगते. त्यातून १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याखेरीज बंदूक बाळगता येत नव्हती, युरोपियनांना मात्र सूट होती. म्हणजे वाघ जखमी करणारे एक आणि त्याच्या तोंडी जाणारे दुसरे, अशी ही वाटणी होती. कॉर्बेटने हे इतक्या उघड शब्दांत लिहिले नाही, पण त्याच्या कथा वाचताना हे ध्यानात येतेच.

संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी या कामगिरीबद्दल कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. लंडनच्या (मूळच्या डब्लिनच्या) रिग्बी कंपनीने बनविलेली, .२७५ बोअरची, बोल्टची रायफल. दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी आणि तीवर चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख. तहसीलदारांना बंदूक आणि बरोबर हिंडलेल्या गावकऱ्याला शिकारी सुरा मिळाला. सरकारी भेटवस्तू बहुधा भिंतीवर जातात. ही गेली नाही. पुढे वीस-पंचवीस वर्षे ती कॉर्बेटच्या खांद्याला होती.

या रायफलीत असे काय होते? नावाला इंग्रजी असली तरी तिचा गाभा जर्मन होता. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावी पाउल माउझर याने बनविलेली यंत्रणा आणि त्याच्याच कारखान्याचे, १८९२ च्या सुमाराचे ७ मिलिमीटरचे काडतूस. इंग्रज गिऱ्हाइकाला मिलिमीटर रुचत नाहीत म्हणून रिग्बीने त्याला इंचांचे नाव दिले, इतकेच. याच काडतुसाने बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) इंग्रजी पलटणींना दूर अंतरावरून हैराण केले होते. ज्या गोळीने मार खाल्ला तीच पुढे साहेबाने शिकारीसाठी आवडीने घेतली!

बोल्टची रचना समजायला सोपी आहे. दाराला लोखंडी अडसर असतो, तसा नळीच्या मागच्या तोंडाशी एक पोलादी दांडा असतो. त्याची मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामे टरफल बाहेर पडते. पुढे ढकलली की खालच्या मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत जाते. मूठ खाली दाबली की पोलादाचे खोबण पोलादात अडकते आणि मागचे दार घट्ट बंद. माउझरच्या रचनेत एक रुंद नखासारखी पट्टी काडतुसाची कड सुरुवातीपासूनच धरून ठेवते, त्यामुळे घाईत, रायफल तिरपी-उलटी असतानाही काडतूस अडकण्याचा संभव कमी. दुनळीचा फायदा वेगळा. तिच्यात दुसरी गोळी लगेच तयार असते, चापावरून हात काढावा लागत नाही. चालून येणाऱ्या वाघापुढे हा फायदा लहान नाही. बोल्ट मागे-पुढे करण्यास जो एक-दीड सेकंद लागतो, तेवढ्यात वाघ पुष्कळ अंतर कापतो.

म्हणून कॉर्बेटने दुनळी टाकून दिली असे समजू नये. त्याच्याजवळ जेफरी कंपनीची .४५०/४०० बोअरची दुनळी होती आणि तिच्यावर त्याचा मोठा भरवसा होता. तिची गोळी ४०० ग्रेनची, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम. रिग्बीची १४० ग्रेनची, ९ ग्रॅम. आघाताची शक्ती पाहिली तर दुनळीची जवळजवळ दुप्पट. पण दुनळीचे वजन साडेचार किलोच्या आसपास, आणि रिग्बी साडेतीन किलोच्या आत-बाहेर. एक किलोचा फरक तो काय, असे वर्गात बसून वाटते. कुमाऊंच्या डोंगरात दिवसाला पंधरा-वीस मैल चढ-उतार करा, रायफल खांद्यावर नव्हे तर दोन्ही हातांत तयार धरून, प्रत्येक खडकाच्या वळणावर श्वास रोखून. मग संध्याकाळी त्या एका किलोची किंमत कळते. नरभक्षक बहुधा संध्याकाळीच भेटतो, आणि तेव्हा हात थकलेले असतात.

दुसरे कारण असे की कॉर्बेटला लहान गोळी पुरत होती. तो जवळून आणि नेमक्या जागी मारीत असे. मान, खांद्यामागचा भाग, मणका. हे अंतर त्याने फुटक्या बंदुकीच्या शाळेत कमी करायला शिकले होते. ज्याला हे जमत नाही त्याने वाघावर ७ मिलिमीटरची रायफल घेऊन जाणे म्हणजे चंपावतची आणखी एक वाघीण तयार करणे. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने याच काडतुसाने शेकडो हत्ती मारले, कारण हत्तीच्या डोक्यातील मेंदूची जागा त्याला बाहेरून अचूक कळत असे. कौशल्य म्हणून ते मोठे खरे, पण हस्तिदंतासाठी केलेली ती मोजदाद वाचवत नाही.

आपल्या कन्नड विभागातील मित्रांना कॉर्बेटपेक्षा बंगळूरचा केनेथ अँडरसन अधिक जवळचा वाटेल. पूर्णचंद्र तेजस्वींनी त्याच्या कथा कन्नडमध्ये आणल्या आहेत. अँडरसनची रायफल .४०५ विंचेस्टर. ती बोल्टची नव्हे, चापाखालची कडी पुढे-मागे करून भरायची. म्हैसूर-सेलमच्या झुडपी रानात ती त्याला मानवली. कॉर्बेटचे डोंगर वेगळे होते, त्याची रायफल वेगळी. उत्तम रायफल कोणती, हा वाद म्हणूनच मला निरर्थक वाटतो. कोणाच्या हातात आणि कोणत्या रानात, हे आधी सांगावे.

रुद्रप्रयागचा बिबळ्या १९१८ पासून आठ वर्षे बदरी-केदारच्या यात्रामार्गावर दहशत बसवून होता. सरकारी नोंदीत त्याचे बळी १२५. रात्री त्या रस्त्यावर पाऊल टाकण्याची कोणाची छाती होत नसे. २ मे १९२६ च्या रात्री गोलाबराईच्या आंब्याच्या झाडावर कॉर्बेट बसला होता. रायफल रिग्बीच, तिला बॅटरीचा दिवा बांधलेला. खाली बकरी आणि तिच्या गळ्यात घंटा. दिवा क्षणभर लागला आणि विझला. तेवढ्यात झाडलेली एक गोळी. मग पहाटेपर्यंत अंधारात बसून राहणे, गोळी लागली की नाही हे न कळता. सकाळी बिबळ्या मरून पडलेला दिसला. म्हातारा, दात झिजलेला.

परंतु हलक्या रायफलीची खरी परीक्षा ११ एप्रिल १९३० रोजी झाली. चौगडची वाघीण पाच वर्षे त्या भागात होती. ६४ माणसे सरकारदरबारी नोंदलेली. त्या दिवशी नाल्यातून जाताना कॉर्बेटला रातव्याचे घरटे दिसले. त्याला पक्ष्यांची अंडी जमविण्याचा नाद होता. त्यातील दोन अंडी त्याने डाव्या हातात घेतली, रायफल उजव्या हातात, छातीवर तिरपी. मोठ्या शिळेला वळसा घालून तो वाळूवर उतरला आणि उजव्या खांद्यावरून सहज मागे पाहिले, तो वाघीण जेमतेम आठ फुटांवर दबा धरून बसलेली! तिचा चेहरा त्याला हसरा वाटला.

रायफलीचे तोंड नेमके उलट दिशेला. ते पाऊण वर्तुळ फिरवायचे होते, एका हाताने, आणि इतक्या सावकाश की वाघिणीला हालचाल जाणवू नये. त्याने ते केले. हात आडवा पसरत गेला, वजनाने दुखू लागला, वाघिणीची नजर त्याच्या नजरेत होती. अखेर नळी तिच्या अंगाशी आली आणि त्याने चाप ओढला. गोळी मणका आणि हृदय भेदून गेली. वाघिणीचे डोके सावकाश पुढच्या पंजांवर टेकले.

या प्रसंगाचा त्याने नंतर विचार केला आणि जे कारण दिले ते मला त्याच्या साऱ्या पराक्रमांपेक्षा मोलाचे वाटते. अंडी हातात नसती तर दोन्ही हात रायफलीवर असते, वाघीण दिसताच तो झटकन वळला असता, आणि त्याच क्षणी तिने झेप घेतली असती. रायफल हलकी नसती तर ती एका हाताने इतकी फिरविता आली नसती आणि हात पसरून झाडता आली नसती. आणि वाघीण नरभक्षक नसती तर कोंडीत सापडल्यावर ती बाहेर पडण्यासाठी वाटेतल्या त्यालाच उडवून गेली असती. त्याने आपल्या धैर्याचा उल्लेख या यादीत केलेला नाही. परत जाऊन अंडी त्याने घरट्यात ठेवली. अर्ध्या तासाने त्या वाटेने जाताना पक्षीण अंड्यांवर बसलेली होती.

जड रायफलीचाही दिवस आला. १९३८ च्या ३० नोव्हेंबरला, ठाक गावाजवळ, उजेड जात असताना त्याने वाघाच्या मिलनकाळातील आवाज काढून शेवटच्या नरभक्षक वाघिणीला जवळ बोलाविले. या वेळी हातात .४५०/४०० ची दुनळी होती. दोन्ही बार उडाले आणि त्या धक्क्याने तो खडकावरून मागे, खाली बसलेल्या आपल्या माणसांच्या अंगावर कोसळला. तेव्हा त्याचे वय त्रेसष्ट.

तोपर्यंत त्याचे मन बदलले होते. हे एका रात्रीत झाले नाही, आणि तो संत नव्हता हेही सांगितले पाहिजे. तरुणपणी त्याने हौसेसाठी पुष्कळ शिकार केली, आणि पुढेही व्हाइसरॉय लिनलिथगोसारख्या बड्यांच्या शिकारीची व्यवस्था तो पाहत असे. पण १९२० नंतरच्या वर्षांत त्याने कॅमेरा हातात घेतला. वनखात्यातील चँपियन याने काढलेली वाघांची छायाचित्रे पाहून त्याला ही दिशा मिळाली. ओढ्याकाठी आडोसा करून, पाण्याच्या आवाजात चलत्-चित्र कॅमेऱ्याची घरघर लपवून त्याने एकाच जागी सात वाघांचे चित्रण केले. ८ ऑगस्ट १९३६ रोजी रामगंगेच्या खोऱ्यात हेली नॅशनल पार्क स्थापन झाले, ते आशियातील पहिले राष्ट्रीय उद्यान. त्यामागे त्याचा मोठा वाटा होता.

मधल्या काळात पहिल्या महायुद्धात तो पाचशे कुमाऊनी माणसांची मजूर तुकडी घेऊन फ्रान्सला जाऊन आला होता. दुसऱ्या महायुद्धात, साठी उलटून गेल्यावर, मध्य प्रांतात छिंदवाडा येथे त्याने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणाऱ्या शिपायांना जंगलात कसे जगावे हे शिकविले. १९४४ मध्ये त्याचे कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले, आणि ते लंडनहून नव्हे, आपल्या मुंबईहून. जगभर गाजलेल्या या पुस्तकाचा जन्म मुंबईचा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

कालाढुंगीजवळच्या छोटी हलद्वानी या गावात त्याने कुळे वसविली होती, त्यांच्या शेतांभोवती रानटी जनावरांसाठी मैलोगणती दगडी भिंत घातली होती. लग्न त्याने केले नाही. बहीण मॅगी जन्मभर बरोबर होती. आणि हा माणूस नोव्हेंबर १९४७ मध्ये हिंदुस्थान सोडून केनियाला निघून गेला. ज्या लोकांसाठी जीव धोक्यात घातला, त्यांच्या स्वतंत्र देशात आपल्याला जागा उरेल की नाही अशी भीती त्याला वाटली. ती भीती निराधार ठरली असती असे मला वाटते. गावातील जमीन त्याने कुळांना देऊन टाकली. न्येरी येथे, पूर्वी बेडन-पॉवेल राहत असे त्या लहानशा बंगल्यात, भाऊ-बहीण राहिले. पुस्तके लिहिली, पक्षी पाहिले. १९ एप्रिल १९५५ रोजी तेथेच त्याचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, रामगंगेकाठच्या त्या उद्यानाला स्वतंत्र भारताने कॉर्बेटचे नाव दिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाची शिकार बंद झाली, आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ याच उद्यानातून झाला.

ती .२७५ ची रायफल त्याच्या मागे त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली आणि अनेक वर्षे तेथेच राहिली. पुढे रिग्बी कंपनीने ती परत मिळविली. २०१६ साली ती काही दिवसांसाठी भारतात आणली होती. कालाढुंगीला आणि छोटी हलद्वानीला लोकांनी ती हातात घेऊन पाहिली.